आडव्या पट्टीतले वाटे: ‘आर’ भाषेत विभाजित स्तंभालेख कसा काढावा

इयत्ता आठवीच्या गणितात दोन आलेख शिकवले जातात: विभाजित स्तंभालेख आणि शतमान स्तंभालेख. एका स्तंभाचे तुकडे पाडून एकूण संख्येत कोणाचा वाटा किती हे दाखवले की तो विभाजित स्तंभालेख. प्रत्येक स्तंभ शंभराचा मानून तेच वाटे टक्क्यांत दाखवले की तो शतमान स्तंभालेख. शाळेत आलेखकागदावर काढलेला हा आलेख पुढे अंदाजपत्रकात, निवडणुकीच्या विश्लेषणात, आरोग्य सर्वेक्षणात आणि शोधनिबंधात सतत भेटत राहतो. तोच आलेख आडवा करून ‘आर’ या सांख्यिकी भाषेत कसा काढायचा, ते या लेखात पाहू.

आर हा आलेख एका ओळीच्या आज्ञेत काढून देते. पण कोणती पट्टी वर, कोणता तुकडा डावीकडे, संख्या की टक्के, कोणता रंग, हे सगळे तिने आपल्या वतीने ठरवून टाकलेले असते. तिला आपल्या आकड्यांचा अर्थ ठाऊक नसतो, त्यामुळे ती पुष्कळदा नुसत्या अक्षरक्रमावर जाते. वाचकाला आलेखातून काय उमगणार हे मात्र याच गोष्टींवर अवलंबून असते. म्हणून आज्ञा पाठ करण्यापेक्षा हे निर्णय स्वतः घ्यायला शिकणे जास्त महत्त्वाचे आहे.

लेखात आज्ञांची नावे उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिली आहेत. संगणकावर ती रोमन लिपीत टंकावी लागतात आणि त्यात लहान-मोठ्या अक्षरांचा फरक आर पाळते, हे ध्यानात ठेवावे.

आडवा कशासाठी?

पहिले कारण अगदी व्यावहारिक आहे. उभ्या स्तंभाखाली ‘जिल्हा परिषद प्राथमिक शाळा’ किंवा ‘असंघटित क्षेत्रातील कामगार’ असे नाव मावत नाही. मग ते तिरके करावे लागते किंवा अक्षर बारीक करावे लागते. पट्टी आडवी असली की नाव डावीकडे सरळ लिहिता येते आणि नजर नावावरून थेट पट्टीवर जाते. दुसरे कारण असे की प्रकार दहा-पंधरा असले तरी कागदावर खाली खाली जागा मिळत जाते. रुंदी वाढवावी लागत नाही.

आडवी पट्टी नवी नाही. विल्यम प्लेफेअर यांनी 1786 मध्ये ‘कमर्शियल अँड पोलिटिकल अ‍ॅटलास’ प्रसिद्ध केला. त्यात स्कॉटलंडचा एका वर्षाचा आयात-निर्यात व्यापार सतरा देशा-प्रदेशांनुसार आडव्या पट्ट्यांनी दाखवला आहे. अनेक वर्षांचे आकडे हाती नव्हते, म्हणून काळाची रेषा काढण्याऐवजी त्यांनी पट्ट्या काढल्या. हा संकेत आजही उपयोगी पडतो. वर्षे किंवा महिने दाखवायचे असतील तर काळ डावीकडून उजवीकडे जाऊ द्यावा आणि स्तंभ उभे ठेवावेत. जिल्हे, पक्ष, पिके, व्यवसाय असे प्रकार असतील तर पट्ट्या आडव्या कराव्यात.

उदाहरणाला टायटॅनिक

ऑकलंड विद्यापीठातील रॉस इहाका आणि रॉबर्ट जेंटलमन यांनी 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला आर घडवली. तिच्यामागे बेल लॅब्जमध्ये जॉन चेंबर्स आणि सहकाऱ्यांनी तयार केलेली ‘एस’ ही भाषा होती. आरची 1.0.0 ही आवृत्ती 29 फेब्रुवारी 2000 रोजी आली. आर विनामूल्य आहे आणि सरावासाठी काही माहितीसंच तिच्यासोबतच येतात. त्यांपैकी एक आहे टायटॅनिक. 14 आणि 15 एप्रिल 1912 च्या दरम्यानच्या रात्री बुडालेल्या या जहाजावरच्या 2,201 माणसांची नोंद त्यात चार अंगांनी केलेली आहे: वर्ग, लिंग, वय (प्रौढ की बालक) आणि वाचले की नाही.

वर्गानुसार बेरीज केली की असे आकडे मिळतात:

- पहिला वर्ग: एकूण 325, वाचलेले 203, मृत 122
- दुसरा वर्ग: एकूण 285, वाचलेले 118, मृत 167
- तिसरा वर्ग: एकूण 706, वाचलेले 178, मृत 528
- कर्मचारी: एकूण 885, वाचलेले 212, मृत 673

चार पट्ट्या, प्रत्येकीचे दोन तुकडे. आकडे थोडे आहेत, पण आलेखाच्या बहुतेक सगळ्या अडचणी यात भेटतात.

पहिला मार्ग: मूळ आर

वेगळे काहीही न बसवता ‘बारप्लॉट’ या आज्ञेने आलेख काढता येतो. तिला तक्ता एका विशिष्ट मांडणीत लागतो. तक्त्याचा प्रत्येक रकाना म्हणजे एक पट्टी आणि प्रत्येक ओळ म्हणजे पट्टीतला एक तुकडा. म्हणून आधी चार अंगांच्या नोंदीतून दोनच अंगे उरवायची:

अप्लाय(टायटॅनिक, सी(4, 1), सम)

चौथे अंग ‘वाचले की नाही’ आणि पहिले अंग ‘वर्ग’. बाकीच्या दोन अंगांची बेरीज होऊन दोन ओळी आणि चार रकान्यांचा तक्ता तयार होतो. तो बारप्लॉटला द्यायचा आणि ‘हॉरिझ’ची किंमत ‘ट्रू’ ठेवायची. तुकडे एकमेकांना जोडून लावायचे ही बारप्लॉटची मूळचीच सवय आहे. ते शेजारी शेजारी हवे असतील तरच ‘बिसाइड’ला ट्रू म्हणावे लागते.

पहिल्या प्रयत्नात जो आलेख येतो त्यात सहसा चार गोष्टी सुधाराव्या लागतात.

एक, पट्ट्यांची नावे अक्षाला समांतर, म्हणजे उभी छापली जातात. ‘एलएएस = 1’ लिहिले की ती सरळ होतात.

दोन, नावे लांब असतील तर डावीकडे कापली जातात. ‘पार’ या आज्ञेतल्या ‘मार’मध्ये चार समासांची रुंदी द्यायची असते. क्रम खालचा, डावा, वरचा, उजवा असा आहे. डावा समास मूळचा 4.1 ओळींचा असतो. तो आठ-दहापर्यंत वाढवावा.

तीन, पहिला रकाना सगळ्यात खाली येतो, कारण आर अक्षाच्या मुळापासून वर मोजत जाते. त्यामुळे पहिला वर्ग तळाशी आणि कर्मचारी माथ्यावर दिसतात. रकान्यांचा क्रम उलटा करून घ्यावा.

चार, रंगसूची मागवली तर ती आपोआप उजव्या वरच्या कोपऱ्यात बसते आणि माथ्यावरची पट्टी लांब असेल तर तिच्यावरच चढते. क्रम उलटवण्याआधी तिथे 885 जणांची, म्हणजे सर्वांत लांब पट्टी असते. ती झाकली जाते. सूचीची जागा ‘आर्ग्ज.लेजंड’मधून बदलता येते, किंवा ‘एक्सलिम’ वाढवून उजवीकडे मोकळी जागा करता येते.

बारप्लॉट आलेख काढता काढता प्रत्येक पट्टीच्या मध्यरेषेची जागाही परत देते. ती एखाद्या नावाखाली साठवून ठेवली तर ‘टेक्स्ट’ वापरून आकडे नेमके पट्टीच्या मधोमध लिहिता येतात.

दुसरा मार्ग: जीजीप्लॉट2

लेलँड विल्किन्सन यांनी 1999 च्या ‘द ग्रामर ऑफ ग्राफिक्स’ या पुस्तकात आलेखाचे व्याकरण मांडले. त्याच विचारावर हॅडली विकम यांनी ‘जीजीप्लॉट2’ हे पॅकेज उभे केले. इथे तक्त्याची मांडणी वेगळी असते. प्रत्येक तुकड्याला एक ओळ लागते आणि त्या ओळीत वर्ग, नोंद (वाचलेले की मृत) आणि संख्या असे तीन रकाने असतात. आपल्या उदाहरणात अशा आठ ओळी होतील.

टायटॅनिकची नोंद ‘अ‍ॅज.डेटा.फ्रेम’मधून काढली की 32 ओळी मिळतात, कारण चारही अंगे अजून शाबूत असतात. त्या तशाच वापरल्या तर एकाच रंगाचा तुकडा आतून अनेक बारीक तुकड्यांचा बनतो. रंग सारखा असल्यामुळे ते आधी लक्षात येत नाही. आकडे लिहायला गेलो की मात्र एकाच तुकड्यावर चार-चार आकडे उमटतात. म्हणून आधी ‘डीप्लायर’ या पॅकेजमधल्या ‘काउंट’ने वर्ग आणि नोंद यांनुसार बेरीज करावी, ‘डब्ल्यूटी’मध्ये संख्येच्या रकान्याचे नाव द्यावे. मग आज्ञा अशी होते:

जीजीप्लॉट(तक्ता, एईएस(एक्स = संख्या, वाय = वर्ग, फिल = नोंद)) + जिऑम_कॉल()

वर्ग ‘वाय’ला दिला म्हणून पट्टी आडवी झाली, नोंद ‘फिल’ला दिली म्हणून तुकडे पडले. मार्च 2020 मध्ये आलेल्या 3.3.0 या आवृत्तीपासून पट्टीची दिशा आपोआप ओळखली जाते. त्याआधी आलेख उभा काढून ‘कोऑर्ड_फ्लिप’ने आडवा करत असत. जुन्या पुस्तकांत ती रीत दिसेल. ती अजूनही चालते, पण गरज उरलेली नाही.

इथे ‘जिऑम_कॉल’ आणि ‘जिऑम_बार’ यांत गल्लत होऊ देऊ नये. जिऑम_कॉल आपण दिलेली संख्या पट्टीची लांबी म्हणून घेते. जिऑम_बार ओळी मोजते. वरच्या 32 ओळी जिऑम_बारला दिल्या तर प्रत्येक वर्गाच्या आठ ओळी मोजल्या जातात. चारही पट्ट्या सारख्याच लांब येतात आणि प्रत्येकीचे बरोबर निम्मे-निम्मे तुकडे पडतात. आलेख नेटका दिसतो, त्रुटीचा संदेश येत नाही आणि तो पूर्ण चुकीचा असतो. आकडे आधीच मोजलेले असतील तर जिऑम_कॉल, प्रत्येक माणसाची वेगळी ओळ असेल तर जिऑम_बार, हे पक्के लक्षात ठेवावे.

संख्या की शतमान?

आता पहिला खरा निर्णय. संख्येचा आलेख पाहिला तर वाचलेल्यांचा सर्वांत लांब तुकडा कर्मचाऱ्यांचा आहे: 212. पहिला वर्ग 203 वर, त्याच्या मागे. याच आकड्यांचा शतमान आलेख काढला तर पहिल्या वर्गातले 62 टक्के वाचले आणि कर्मचाऱ्यांतले 24 टक्के. मधल्या दोन वर्गांत 41 आणि 25 टक्के. आकडे तेच असताना एका आलेखात कर्मचारी पुढे दिसतात आणि दुसऱ्यात सगळ्यांच्या मागे पडतात.

दोन्ही आलेख खरे आहेत, पण ते वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरे देतात. ‘वाचलेल्यांत कोण किती होते’ असा प्रश्न असेल तर संख्या दाखवावी. ‘या वर्गातल्या माणसाची वाचण्याची शक्यता किती होती’ असे विचारायचे असेल तर शतमान हवे. मूळ आरमध्ये तक्ता ‘प्रॉप.टेबल’मधून काढून ‘मार्जिन = 2’ द्यावे, म्हणजे प्रत्येक रकान्याची बेरीज 1 होते. इथे चुकून 1 लिहिले तर टक्के ओळीनुसार निघतात आणि पट्ट्या पुन्हा असमान होतात. जीजीप्लॉट2 मध्ये जिऑम_कॉलला ‘पोझिशन = फिल’ सांगितले की झाले; फक्त ‘फिल’ हा शब्द अवतरणचिन्हांत लिहावा.

शतमान आलेखात एक गोष्ट हरवते. 285 जणांचा दुसरा वर्ग आणि 885 कर्मचारी यांच्या पट्ट्या सारख्याच लांबीच्या होतात. मोठा गट कोणता, लहान कोणता, हे वाचकाला कळायला मार्ग उरत नाही. म्हणून पट्टीच्या नावातच एकूण संख्या लिहावी: ‘दुसरा वर्ग (285)’, ‘कर्मचारी (885)’.

अक्षाला कोणता तुकडा टेकवायचा?

या आलेखाची एक मूळ मर्यादा आहे. विल्यम क्लीव्हलँड आणि रॉबर्ट मॅकगिल यांनी 1984 मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनात दाखवले की एकाच मापपट्टीवर, एकाच आरंभापासून मोजलेल्या जागांची तुलना डोळा सर्वांत अचूक करतो. आरंभ वेगवेगळा असला की नुसत्या लांबीची तुलना करावी लागते आणि तिथे अंदाज जास्त चुकतात. विभाजित पट्टीत फक्त पहिला तुकडा सगळीकडे एकाच रेषेपासून सुरू होतो. शतमान पट्टीत शेवटचा तुकडाही उजव्या कडेला टेकतो, म्हणून त्याचीही तुलना जमते. मधले तुकडे मात्र कुठेही सुरू होतात आणि कुठेही संपतात.

यातून निघणारा नियम या आलेखाचा गाभा आहे: ज्याची तुलना वाचकाने करावी असे वाटते, तो तुकडा डाव्या अक्षाला टेकवा. दुसऱ्या क्रमांकाचा महत्त्वाचा तुकडा उजव्या कडेला न्या. उरलेले मध्ये ठेवा. मधल्या तुकड्यांचीच तुलना मुख्य असेल तर हा आलेख त्या कामाचा नाही. तिथे प्रत्येक प्रकाराच्या वेगळ्या पट्ट्या काढाव्यात.

आर हा क्रम कसा लावते ते पाहा. मूळ आरमध्ये तक्त्याची पहिली ओळ अक्षाला टेकते. टायटॅनिकमध्ये ती ‘नाही’ची, म्हणजे मृतांची आहे. जीजीप्लॉट2 मध्ये याच्या उलट होते, शेवटचा प्रकार अक्षाला टेकतो. उभ्या स्तंभात रंगसूची उजवीकडे असते, तेव्हा सूचीतला वरचा रंग स्तंभातही वर दिसावा म्हणून ही सोय केलेली आहे. पट्टी आडवी करून सूची आलेखाच्या माथ्यावर नेली की सोयीची अडचण होते. सूचीत डावीकडे ‘मृत’ आणि पट्टीत डावीकडे ‘वाचलेले’ असा उलटा क्रम दिसतो. सूचीचा क्रम ‘गाइड_लेजंड’मध्ये ‘रिव्हर्स = ट्रू’ लिहून फिरवता येतो, किंवा तुकड्यांचा क्रम ‘पोझिशन_स्टॅक’ अथवा ‘पोझिशन_फिल’मध्ये तेच लिहून फिरवता येतो. दोन्हीपैकी एकच करावे. दोन्ही केले तर आपण पुन्हा मूळपदावर येतो.

पट्ट्यांचा क्रम

मराठी नावे साध्या मजकुराच्या रकान्यात लिहिली तर जीजीप्लॉट2 ती अक्षरक्रमाने लावते: कर्मचारी, तिसरा, दुसरा, पहिला. पहिले नाव तळाशी जाते, त्यामुळे वरून वाचताना पहिला, दुसरा, तिसरा, कर्मचारी असा हवा तोच क्रम मिळतो. हा निव्वळ योगायोग आहे. ‘लहान, मध्यम, मोठा’ ही नावे घ्या. अक्षरक्रमाने मध्यम, मोठा, लहान असे लागतील आणि आलेखाचा अर्थच विस्कटेल.

म्हणून रकान्याला ‘फॅक्टर’ करून ‘लेव्हल्स’मध्ये क्रम स्वतः लिहून द्यावा. ‘फोरकॅट्स’ या पॅकेजमध्ये यासाठी सोपी साधने आहेत. ‘एफसीटी_रेव्ह’ने क्रम उलटतो आणि ‘एफसीटी_रीऑर्डर’ने एखाद्या संख्येच्या चढत्या-उतरत्या क्रमाने लागतो. प्रकारांना अंगचा क्रम असेल, जसे वर्ग, वयोगट, शिक्षणाची पातळी, तर तोच पाळावा. तसा क्रम नसेल, जसे जिल्हे किंवा पिके, तर अक्षाला टेकलेल्या तुकड्याच्या लांबीनुसार लावावे. मोठ्यापासून लहानापर्यंत नजर सहज उतरते. ‘इतर’ कितीही मोठा असला तरी शेवटीच ठेवावा.

रंग आणि आकडे

रंगांची संख्या तुकड्यांइतकीच असते, पण सगळे रंग सारखे ठळक असायला हवेत असे नाही. आपल्या उदाहरणात ‘वाचलेले’ गडद निळे आणि ‘मृत’ फिकट करडे केले की नजर आपोआप जिथे हवी तिथे जाते. ‘स्केल_फिल_मॅन्युअल’मध्ये रंग नावानिशी नेमून द्यावेत, म्हणजे क्रम बदलला तरी रंग बदलत नाही.

तुकड्यांना चढता क्रम असेल, जसे ‘अजिबात नाही’पासून ‘पूर्णपणे’पर्यंत, तर एकाच रंगाच्या फिकट ते गडद छटा घ्याव्यात. सिंथिया ब्रूअर यांच्या कलरब्रूअर रंगमाला आरमध्ये सहज मिळतात. क्रम नसलेल्या प्रकारांसाठी ओकाबे-इटो रंगमाला चांगली आहे. रंगांधळेपण असलेल्यांनाही तिच्यातले रंग वेगळे ओळखता येतील अशी तिची निवड आहे आणि आरच्या 4.0.0 आवृत्तीपासून ती मुळातच उपलब्ध आहे. तांबडा आणि हिरवा शेजारी ठेवणे टाळावे. तुकडे पाचांहून अधिक होऊ लागले तर रंग शोधत बसण्यापेक्षा लहान प्रकार एकत्र करावेत.

आकडे पट्टीवर लिहायचे तर ‘जिऑम_टेक्स्ट’ वापरावे. त्याला ‘पोझिशन_स्टॅक’मध्ये ‘व्हीजस्ट = 0.5’ सांगितले की आकडा तुकड्याच्या मधोमध बसतो. आलेख शतमान असेल तर इथेही पोझिशन_फिल हवे. एकीकडे फिल आणि दुसरीकडे स्टॅक राहिले की आकडे पट्टी सोडून दूर उजवीकडे जातात. तुकड्यांचा क्रम फिरवला असेल तर तो इथेही फिरवावा लागतो, नाहीतर 62 चा आकडा 38 च्या तुकड्यावर बसतो. अगदी अरुंद तुकड्यांवर आकडा लिहू नये. आणि पट्टी शून्यापासूनच सुरू व्हावी. विभाजित पट्टीचा आरंभ कापला की वाट्यांचे प्रमाणच खोटे होते.

एका पट्टीत दडलेले

शतमान आलेखात तिसरा वर्ग 25 टक्के आणि कर्मचारी 24 टक्के, म्हणजे जवळपास बरोबरी दिसते. आता बेरीज करताना लिंगही राखून ठेवू आणि ‘फॅसेट_रॅप’ने स्त्रिया आणि पुरुष यांचे दोन वेगळे आलेख शेजारी काढू.

पुरुषांमध्ये तिसऱ्या वर्गातले 510 पैकी 88 वाचले, म्हणजे 17 टक्के. कर्मचाऱ्यांतले 862 पैकी 192, म्हणजे 22 टक्के. स्त्रियांमध्ये तिसऱ्या वर्गातल्या 196 पैकी 90, म्हणजे 46 टक्के. कर्मचाऱ्यांतल्या 23 पैकी 20, म्हणजे 87 टक्के. पुरुष घ्या की स्त्रिया, दोन्हीकडे कर्मचाऱ्यांचे प्रमाण जास्त आहे. तरीही एकत्र केले की कर्मचारी मागे पडतात.

कारण गटांच्या रचनेत आहे. स्त्रिया सगळ्याच वर्गांत पुरुषांपेक्षा कितीतरी जास्त प्रमाणात वाचल्या. तिसऱ्या वर्गात त्या एकूण प्रवाशांच्या चौथ्या हिश्शाहून अधिक होत्या. कर्मचाऱ्यांत 885 मध्ये अवघ्या 23. एकत्रित टक्केवारीत कर्मचाऱ्यांच्या आकड्यावर पुरुषांचाच भार पडला. एडवर्ड सिम्पसन यांच्या 1951 च्या निबंधामुळे अशा उलटापालटीला सिम्पसनचा विरोधाभास म्हणतात. विभाजित पट्टी काढण्याआधी ‘हा गट आतून एकजिनसी आहे का’ असे स्वतःला विचारावे, ते यासाठी. आणि 87 टक्क्यांच्या पट्टीशेजारी ‘23’ हा आकडा लिहिलेला असलाच पाहिजे, कारण त्या पट्टीत तीन माणसे इकडची तिकडे झाली तरी चित्र बरेच बदलते.

मते विचारली असतील तर

रेन्सिस लिकर्ट यांनी 1932 मध्ये मांडलेली मतश्रेणी आज प्रत्येक प्रश्नावलीत भेटते: पूर्ण असहमत, असहमत, तटस्थ, सहमत, पूर्ण सहमत. तिच्यासाठी आडव्या विभाजित पट्टीचे एक खास रूप आहे. मध्ये शून्याची उभी रेषा, असहमतीचे तुकडे तिच्या डावीकडे, सहमतीचे उजवीकडे. पट्टी कोणत्या बाजूला किती झुकली ते एका नजरेत कळते. रिचर्ड हायबर्गर आणि नाओमी रॉबिन्स यांनी 2014 मध्ये या आलेखाच्या रचनेवर सविस्तर लिहिले. ‘एचएच’ या पॅकेजमधल्या ‘लिकर्ट’ आज्ञेने तो काढता येतो.

जीजीप्लॉट2 मध्ये तोच आलेख करायचा तर असहमतीचे टक्के ऋण करून द्यावेत. ऋण आणि धन तुकडे शून्याच्या दोन बाजूंना वेगवेगळे लावले जातात. अक्षावरच्या आकड्यांमधले ऋण चिन्ह काढून टाकावे आणि ‘पूर्ण असहमत’ हा तुकडा सगळ्यात बाहेर गेला आहे ना, हे पाहावे. ‘तटस्थ’ला मध्यरेषेवर ठेवले तर त्याचे अर्धे-अर्धे दोन्हीकडे जातात आणि सहमतीचा तुकडा रेषेपासून सुटतो. म्हणून तटस्थांची वेगळी छोटी पट्टी उजवीकडे काढणे मला अधिक प्रामाणिक वाटते.

देवनागरी अक्षरे नीट येण्यासाठी

मराठीत आलेख काढणाऱ्याला एक जास्तीची काळजी घ्यावी लागते. अक्षरांच्या जागी चौकोन दिसत असतील तर निवडलेल्या टंकात देवनागरी नाही. नोटो सान्स देवनागरी किंवा मुंबईच्या एक टाइपने घडवलेला मुक्ता, हे टंक विनामूल्य मिळतात. अक्षरे दिसतात पण ‘वर्ग’मधला रफार सुटतो, पहिली वेलांटी अक्षराच्या मागे जाते किंवा जोडाक्षर फुटते, तेव्हा टंक बरोबर असतो आणि अडचण अक्षरजुळणीत असते. आरची साधी पीडीएफ जतन करण्याची सोय ही जुळणी करत नाही. चित्र हवे असेल तर ‘रॅग’ पॅकेज बसवावे. ते असले की ‘जीजीसेव्ह’ पीएनजी चित्रासाठी तेच वापरते आणि जोडाक्षरे नीट येतात. पीडीएफ हवी असेल तर ‘कैरो_पीडीएफ’ वापरून पाहावे आणि जोडाक्षरे नीट आली का ते तपासावे. विंडोजवर आरची 4.2.0 किंवा त्यानंतरची आवृत्ती असावी, कारण तिथपासून युनिकोड मजकूर सरळ हाताळला जातो.

जतन करताना लांबी-रुंदी स्वतः द्यावी. चार पट्ट्यांना उंची कमी पुरते, पंधरा पट्ट्यांना जास्त लागते. एकच माप सगळीकडे वापरले की पट्ट्या एक तर जाड ठोकळे होतात किंवा एकमेकींना चिकटतात.

छापायला देण्याआधी

आलेख पूर्ण झाला की त्याचे शीर्षक वाक्यात लिहून पाहावे. ‘वर्गनिहाय जीवितहानी’ हे शीर्षक आकड्यांचा विषय सांगते. ‘पहिल्या वर्गातले 62 टक्के वाचले, तिसऱ्यातले 25 टक्के’ हे शीर्षक आकडे काय म्हणतात ते सांगते. असे वाक्य लिहिता आले आणि त्यातली तुलना डाव्या अक्षाला टेकलेल्या तुकड्यांत नुसत्या नजरेने तपासता आली, तर आलेख तयार आहे. वाक्य लिहिता येत नसेल तर दोष आज्ञेत शोधू नये. आपल्याला काय सांगायचे आहे हेच अजून ठरलेले नाही, आणि ते आर आपल्यासाठी ठरवू शकत नाही.